शिवेवरचे मार्क्विस

मार्क्विसांच्या घरी गेलेल्या माणसाला दारात निरोप मिळत नसे. चहा झाला, सुपारी झाली, पाहुण्याने चपला शोधायला सुरुवात केली, की मार्क्विस खुंटीवरचा काळा कोट अंगात चढवत आणि त्याच्याबरोबर बाहेर पडत. "शिवेपर्यंत येतो न जी," एवढंच म्हणत. रामाकोन्याच्या वाटेला त्यांची शीव ओढ्यापाशी होती, मोहगावच्या वाटेला एका म्हाताऱ्या चिंचेपाशी आणि बोरगावच्या सडकेला मारुतीच्या पारापाशी. तिथे पोहोचलं, की कोटाच्या खिशातून एक संत्रं निघे. ते पाहुण्याच्या हातावर ठेवायचं, "वाटेत सोलजा" म्हणायचं, हात जोडायचे आणि थांबायचं. पाहुण्याचं बोलणं अर्धवट राहिलं असलं तरी मार्क्विस शिवेपलीकडे पाऊल टाकत नसत. उरलेलं बोलणं पाहुण्याने जाता जाता ओरडून सांगावं, अशी पद्धत पडून गेली होती.

एकदा शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टर त्यांच्या घरी चहाला गेले. निघताना साहेबांची जीप दारात उभी होती. "जीप मागून येईल न, आपण चालू," असं म्हणून मार्क्विसांनी त्यांना भर उन्हात मारुतीच्या पारापर्यंत चालवलं. मागे जीप रखडत येत होती आणि जीपच्या मागे आमच्या सौंसर गावची निम्मी पोरं. आता शाळेचं अनुदान गेलं, असं मी धरूनच चाललो होतो. पण साहेबांनी संत्रं हातात घेतलं, जरा वेळ ते फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, मला कोणी असं पोहोचवायला आलं, त्याला फार वर्षं झाली." शाळेला शेरा चांगला मिळाला, आणि मार्क्विसांना समज द्यायची असं ठरवून बसलेल्या आमच्या हेडमास्तरांना तो राग गिळावा लागला.

मार्क्विस म्हणजे आमच्या शाळेतले दामोदर मास्तर. ते इंग्रजी आणि मराठी शिकवीत, मी त्यांच्या शेजारच्या वर्गात गणित. मी मूळचा पांढुर्ण्याचा, त्यांच्याहून पुष्कळ लहान आणि स्वभावाने तिरसट. शब्दांवर माझा तेव्हाही भरवसा नव्हता आणि आजही बेताचाच आहे. आकडा दिला की उत्तर मिळतं, त्यावर कोणी रुसत नाही की भाषण करत नाही. दामोदर मास्तरांचं उलट होतं. कुठलाही शब्द दिसला, की तो कुठल्या गावचा, कोणाच्या घरातला, इकडे कसा आला, ही चौकशी झाल्याशिवाय त्यांना पुढे सरकता येत नसे. पानभर धडा पोळ्याला सुरू झाला तर दिवाळीपर्यंत पुरायचा.

आमच्या दोन वर्गांमध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत होती, त्यामुळे त्यांचं इंग्रजी माझ्या त्रैराशिकात मिसळे. एकदा त्यांच्या वर्गात इतिहासातला इंग्रजी उतारा चालला होता. त्यात कुठल्याशा गव्हर्नर जनरलच्या नावामागे 'मार्क्विस' असं लिहिलेलं होतं. एका पोराने विचारलं, "गुरुजी, मार्क्विस हे त्याचं नाव की आडनाव?" झालं. त्यांचा सगळा तास त्यात गेला आणि भिंतीमुळे माझाही गेला.

"नाव नाही अन् आडनावही नाही," मास्तर सांगत होते. "मानाची पायरी आहे ती. इंग्लंडात सरदारांच्या अशा पायऱ्या राहतात. सगळ्यात वर ड्यूक. ड्यूक म्हणजे मुळात फौजेच्या समोर चालणारा. त्याच्याखाली मार्क्विस. मंग अर्ल, मंग व्हायकाउंट, अन् सगळ्यात खाली बॅरन. आता पाहा, जुन्या काळी सीमेवरच्या मुलखाले मार्च म्हणत. तुमच्या कॅलेंडरातला मार्च नाही, त्याचा अन् याचा काही संबंध नाही. मार्च म्हणजे शीव. जो ती शीव सांभाळते, तो मार्क्विस. जर्मनांकडून फ्रेंचांकडे, फ्रेंचांकडून इंग्रजांकडे, असा फिरत फिरत आला हा शब्द. एकीकडे वेल्स, दुसरीकडे स्कॉटलंड, कोण कधी घुसेल नेम नाही. अर्ल राहते आतल्या मुलखात, बिनघोर. म्हणून मार्क्विसचा मान अर्लच्या वर."

मग त्यांचा आवाज खाली आला. खास बातमी सांगताना तो नेहमीच खाली यायचा, आणि मग मलाही तट्ट्याला कान लावावा लागायचा. इंग्लंडच्या राजाने पहिल्यांदा एकाला मार्क्विस केलं आणि जुन्या अर्लांच्या वर नेऊन बसवलं, तेव्हा सगळे अर्ल रुसले म्हणे. पुढे एका सरदाराची ही पदवी गेली होती, ती त्याला परत देऊ केली, तर तो म्हणाला, नको, हे नाव आमच्या मुलखात परकं आहे. पोरं हसली. मास्तर म्हणाले, "हसू नका. आपल्याकडे शिवेवर देव बसवते, तिकडे सरदार बसवत. काम एकच आहे. मोहगावले आमचं वावर अगदी शिवेवरचं. रानडुक्कर आलं की पहिले आमच्या वावरात. चोर आला की पहिले आमच्या वावरात. आमचा बाप जागलीले बसे, म्हणून गावातले झोपत."

मधली सुट्टी होईपर्यंत पोरांनी त्यांना मार्क्विस करून टाकलं होतं. महिन्याभरात सगळं सौंसर त्यांना 'मारकिस मास्तर' म्हणू लागलं. दूधवाला, न्हावी, कापसाचे दलाल, सगळेच. ते रागावले तर नाहीतच, उलट जरा सुखावले असावेत, कारण त्या दिवसांत मी त्यांना कोटाच्या गुंड्या लावून हिंडताना पाहिलं. एरवी त्या उघड्या असत.

मी त्यांना चिडवायचो. म्हणायचो, "मास्तर, शीव म्हणजे काय हे आम्हां पांढुर्ण्याच्या लोकांना इंग्रजांनी शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून आम्ही एकमेकांना गोटे मारतो." ते शांतपणे म्हणायचे, "तेच तं सांगून राहिलो. तुमच्या शिवेवर एक मार्क्विस पाहिजे होता." एकदा त्यांच्या ओसरीवर बसलो असताना मी विचारलं, की मार्क्विसच्या बायकोला काय म्हणतात. "मार्शनेस," ते म्हणाले. "अन् तो नुसता शोभेचा मान नव्हता बरं. नवरा लढाईवर गेला, पडला, तर कित्येकदा गढी त्याच बाईनं सांभाळली." आतून काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, आवाज आला, "मले काही म्हणू नका. मार्शनेसले सांगा, तेल संपलं आहे." काकूंना या सगळ्या प्रकाराचा मनस्वी कंटाळा होता. घरात कोणीही येवो, नवरा त्याच्यामागे कोट घालून निघे आणि वाढलेलं ताट निवत राही.

देश स्वतंत्र झाला. शाळेत झेंडा लागला, पेढे वाटले, मास्तरांनी भाषण करताना दोनदा डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी एका मुलाने उभं राहून विचारलं, "गुरुजी, आता इंग्रज गेले. मंग त्यांचे सरदार काहून शिकायचे?" मला तो प्रश्न आवडला होता. मास्तर म्हणाले, "घरात चोर शिरला अन् पळून गेला. मंग आपण पाहतो न, काय घेऊन गेला अन् काय सोडून गेला? जे सोडून गेला, ते आता आपलं. बस खाली." आणि त्या दिवशी त्यांनी बॅरन शिकवला.

मग राज्यांची नवी मांडणी झाली आणि आमची मात्र पंचाईत झाली. तोवर आमची राजधानी नागपूर होती. बाजाराला नागपूर, दवाखान्याला नागपूर, मुलगी द्यायची तर नागपूरकडे. आता नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. भोपाळ कुठल्या दिशेला आहे, यावर सौंसरच्या बाजारात दोन मतं होती. बोरगावच्या पुढे सडकेच्या कडेला नव्या सीमेचा, चुना फासलेला एक दगड उभा राहिला. लोक बैलगाड्या थांबवून तो पाहून येत. एक म्हातारा त्याला कुंकू लावून आला म्हणे. मास्तरही गेले, बराच वेळ दगडापाशी उभे राहिले. परत आल्यावर मला म्हणाले, "गणितवाले, आपण आतापर्यंत अर्लच्या मुलखात होतो. आता मार्चमधी आलो."

शाळेतले पुष्कळ शिक्षक बदली मागून नागपूरकडे जायला निघाले. वरून तोंडी निरोप आला, की मराठी शिकवणारा मास्तर आहे तोवर मराठी वर्ग चालेल. तो गेला तर त्या पोरांना हिंदीच्या वर्गात बसवू. आणि मराठी शिकवणारे तेव्हा उरले होते एकटे दामोदर मास्तर. त्यांचा हिंदीशी काही वैरभाव नव्हता. ते हिंदी छान बोलत. म्हणत, "हिंदी मले आवडते. पण पोट्ट्यानं घरी ज्या बोलीत भाकर मागितली, त्या बोलीचं एक पुस्तक शाळेत असावं न. नाही तं त्याले वाटेल, घरचं ते घरीच ठेवाचं असते."

नेमकं याच वेळी त्यांच्या कुमुदचं लग्न जुळत आलं होतं. त्यांना एकच मुलगी. स्थळ सावनेरचं, म्हणजे नव्या सीमेच्या पलीकडलं. मुलाचे वडील अप्पासाहेब कापसाच्या व्यापारातले, बोलायला रोखठोक. ते सौंसरला आले, जेवले आणि हात धुता धुता म्हणाले, "मास्तर, पोरगी पसंत आहे, घर पसंत आहे. पण आता तुमचं राज्य दुसरं झालं. सुनेले माहेरी धाडाचं तं परमुलखात धाडाचं का? तुम्ही सावनेरले या. तिथल्या शाळेत जागा आहे, मी बोलून ठेवलं. तुम्ही आले की लग्न धरू." काकूंचा चेहरा उजळला. त्यांची बहीणही सावनेरलाच होती. मास्तर म्हणाले, "विचार करून सांगतो," आणि कोट घालून पाहुण्यांना मारुतीच्या पारापर्यंत पोहोचवून आले.

त्यानंतर तट्ट्यापलीकडून नुसतं वाचन ऐकू येऊ लागलं. शब्दाची चौकशी नाही, खाली येणारा आवाज नाही. माझा वर्ग सुरळीत चालला होता आणि मला चैन पडत नव्हतं. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मास्तर, तुम्ही जा. मराठी वर्ग मी पाहतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कविता शिकवाल?" "शिकवीन." "पोट्टे कवितेले तीननं भागतील," ते म्हणाले आणि हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. "गणितवाले, एकीकडे पोरीचं लग्न अन् दुसरीकडे वर्गातली एवढी लेकरं. असं गणित कोणी कोणाले घालावं का? मले पोरीचं लग्न मोडाचं नाही न जी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गणिताचा शिक्षक असून मला काही सुचलं नाही.

सुचलं ते कुमुदला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. एरवी वडिलांपुढे फार न बोलणारी मुलगी, पण त्या दिवशी सरळ म्हणाली, "बाबा, तुम्ही सावनेरले आले तं मी माहेरी कुठं जाऊ? एका गल्लीत सासर अन् दुसऱ्या गल्लीत माहेर, त्याले काय माहेर म्हणते? मले दिवाळीले मोटारीत बसून सौंसरले याचं आहे." काकू तव्यासमोर होत्या. त्यांनी भाकर उलटली, शेकली, टोपल्यात ठेवली. मग म्हणाल्या, "पोरगी बोलून राहिली ते खरं आहे. पण लग्न मोडलं तं मले दोष देऊ नका."

अप्पासाहेब उत्तर ऐकायला पुन्हा आले. मास्तरांनी शाळा सोडणार नाही असं हात जोडून सांगितलं. अप्पासाहेबांनी पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि उठले. मास्तरही उठले आणि खुंटीकडे गेले. "तुम्ही कशाले येता आता?" अप्पासाहेब म्हणाले. "शिवेपर्यंत," मास्तर म्हणाले. त्यांच्या मागोमाग मीही निघालो, काही बोलाचाली झालीच तर मध्ये पडावं म्हणून. सावनेरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत आम्ही तिघे बसलो. मारुतीचा पार आला. मी उतरायला उठलो, तर मास्तर जागेवरच. इतक्या वर्षांत त्या पारापुढे पाहुण्याबरोबर एक पाऊल न टाकलेला माणूस मोटारीत बसून पार ओलांडून गेला. बोरगाव गेलं. चुन्याचा दगड दिसला तेव्हा त्यांनी मोटार थांबवायला सांगितली.

दगडापाशी तिघेही उतरलो. मास्तरांनी खिशातून संत्रं काढून अप्पासाहेबांच्या हातावर ठेवलं. "जी, आता आमची शीव इथपर्यंत आली," ते म्हणाले. "इंग्रजांमधी सीमेवरच्या सरदाराले मार्क्विस म्हणत. राजा सीमेवर कच्चा माणूस बसवत नाही, पक्का पाहून बसवते. मी काही सरदार नाही. पण मी इथून उठलो तं त्या लेकरांच्या डोक्यावर कोणी राहत नाही. तुम्ही लग्नाले नाही म्हटलं तरी मले राग नाही. अन् हो म्हटलं तं तुमची सून जेव्हा जेव्हा माहेरी येईल, तिले घ्याले मी या दगडापाशी उभा राहीन. परमुलखात एकटी येऊन राहिली, असं तिले एकदाही वाटणार नाही." अप्पासाहेब संत्रं घेऊन मोटारीत बसले. आम्ही दोघे बोरगावपर्यंत चालत परतलो आणि वाटेत मास्तरांनी एकाही शब्दाची चौकशी केली नाही.

काही दिवसांनी सावनेरहून माणूस आला. लग्नाचं धरा, असा निरोप होता. आणि खाली अप्पासाहेबांच्या तोंडचं असं, की संत्रं गोड निघालं.

आता सीमांतपूजन. लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं, की मुलीच्या आईबापांनी सामोरं जाऊन नवरदेवाचे पाय धुवायचे, त्याला ओवाळायचं आणि मग गावात आणायचं. आमच्याकडे ते मारुतीच्या पारावर होई. पण मास्तरांच्या लेखी शीव आता सरकली होती. त्यांनी अप्पासाहेबांना आधीच कळवलं आणि त्या दिवशी सकाळीच बैलगाडीत चौरंग, तांब्या, घंगाळ आणि काकूंना घालून ते चुन्याच्या दगडाकडे निघाले. "सगळे पारावर करते. तुम्ही मले सडकेवर कुठं घेऊन चालले?" असं काकू गाडी दिसेनाशी होईपर्यंत म्हणत होत्या. बँडवाल्यांना घेऊन मी पारावर थांबलो होतो.

दुपारी पोरं ओरडत आली. वऱ्हाड स्टेशनावर उतरलं होतं! सावनेरहून निघताना मोटार बिघडली आणि सगळी मंडळी छोट्या रुळांच्या आगगाडीत बसून थेट सौंसरला आली होती. मी धावत स्टेशनावर गेलो. नवरदेव बाशिंग हातात धरून बाकावर बसलेला, त्याच्या आत्याबाई तोंड फुगवून उभ्या. सामोरं यायला मुलीकडलं एकही वडीलधारं माणूस नाही. एक आत्याबाई म्हणाल्या, "असा अपमान तं आमच्या सात पिढ्यांत झाला नाही." अप्पासाहेबांनी मला विचारलं, "मुलीचा बाप कुठं आहे?"

"सीमेवर," मी म्हणालो. "चौरंग मांडून सकाळपासून उभे आहेत. काकूही तिथेच."

एवढं जमवलेलं लग्न एका बिघडलेल्या मोटारीपायी मोडणार, असंच मला वाटलं. अप्पासाहेबांनी फेटा काढला, डोकं खाजवलं, फेटा पुन्हा घातला. मग आत्याबाईंकडे वळून म्हणाले, "अपमान त्यांनी नाही केला. आपणच चुकीच्या जागी उतरलो. कोणाचा ट्रक आहे का, पाहा."

कापसाच्या गाठी वाहणारा एक ट्रक मिळाला. नवरदेव पुढे ड्रायव्हरशेजारी, आत्याबाई आणि बँड मागे. दगडापाशी मास्तर रणरणत्या उन्हात कोटाच्या सगळ्या गुंड्या लावून सावनेरच्या दिशेला पाहत उभे होते आणि आम्ही त्यांच्या पाठीमागून आलो. ते दचकून वळले. मी घाईघाईने घडलं ते सांगू लागलो, तर अप्पासाहेबांनी मला हाताने थांबवलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दगडाच्या पलीकडे घे." ट्रक पुढे गेला, सगळं वऱ्हाड पलीकडे उतरलं आणि तिथून बँड वाजवत चालत अलीकडे आलं. "मास्तर, ते गाडीनं आलो ते धरू नका," अप्पासाहेब म्हणाले. "आम्ही आत्ता आलो." मास्तरांनी खाली बसून जावयाचे पाय धुतले. "जपा जी जावईबापू," काकू म्हणाल्या, "पाणी उन्हानं कढत झालं आहे." आत्याबाईही हसल्या.

लग्न झाल्यावर मास्तर वऱ्हाडाबरोबर दगडापर्यंत आले आणि थांबले. कुमुदच्या हातावर त्यांनी संत्रं ठेवलं. "वाटेत सोलजा" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. मोटार गेली तरी ते तिथेच उभे होते, आणि दगडाच्या पुढे एक पाऊलही गेले नाहीत. मी दुसरीकडे पाहत राहिलो, कारण मलाही रडू येत होतं.

अप्पासाहेबांना दिलेला शब्द त्यांनी पाळला. कुमुद माहेरी यायची असली, की मास्तर आधीच दगडापाशी जाऊन बसत. घरून तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा नेत. मोटारीवाल्यांना हे पाठ होतं. ते दगडापाशी थांबत, कुमुद खाली उतरे, मास्तर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळत, अर्धा सीमेच्या पलीकडे टाकत आणि अर्धा अलीकडे. मग दोघेही मोटारीत बसून गावात येत. "भाकरतुकडा उंबरठ्यावर ओवाळते, अन् बायका ओवाळते," काकू म्हणायच्या. "मी दारात तांब्या घेऊन उभी, अन् हे सडकेवरच सगळं करून येते." मास्तर म्हणायचे, "उंबरठा तिथपर्यंत नेला आहे मी." काकू कपाळाला हात लावायच्या. मुंबई राज्याचं पुढे महाराष्ट्र झालं, कुमुदला मुलं झाली, दगडावरचा चुना दरवर्षी नवा झाला, पण या क्रमात खंड पडला नाही. मराठी वर्गही चालू राहिला. मीही इतरांबरोबर मागून ठेवलेली नागपूरची बदली मंजूर होऊन आली तेव्हा मी ती परत पाठवली. मास्तरांनी कारण विचारलं नाही. दुसऱ्याच दिवसापासून मला खालच्या वर्गाची मराठी देऊन टाकली, आणि पोरांनी खरंच कवितेचे तीन भाग केले.

मास्तर गेले ते थंडीत, दोन दिवसांच्या तापाने. सौंसरमध्ये त्यांना दारातून निरोप देऊन परत फिरलं असं कोणी नव्हतं. सगळं गाव शिवेपलीकडच्या मसणवटीपर्यंत गेलं.

उन्हाळ्यात कुमुद मुलांना घेऊन येणार होती. वडील गेल्यानंतर माहेरपणाला ती पहिल्यांदाच येत होती. मला राहून राहून तो दगड आठवत होता. मोटार तिथे सवयीने थांबेल आणि खाली कोणी नसेल, हे चित्र मला सोसेना. घरून तांब्या घेऊन मी सकाळीच निघालो. बोरगावपर्यंत मोटारीने गेलो, पुढे चालत. लांबूनच दिसलं, दगडापाशी कोणीतरी बसलं आहे. जवळ गेलो तर काकू. डोक्यावरून पदर, शेजारी तांब्या, आणि मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. उन्हाने चेहरा लाल झालेला.

"काकू, तुम्ही?" मी म्हणालो. "या उन्हात कशाला आलात? मी आलो होतो ना."

"बसा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्हाले भाकरतुकडा ओवाळता येते का?"

मोटार आली आणि थांबली. कुमुद उतरली, आईला तिथे बघून तिला हुंदका आवरेना. काकू उठल्या. मोटारीतली एक बाई खिडकीतून म्हणालीच, की विधवा बाईनं असं ओवाळू नये. काकूंनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी लेकीवरून आणि नातवंडांवरून तुकडा ओवाळला, अर्धा पलीकडे टाकला, अर्धा अलीकडे, आणि पाणी फिरवलं. मग पदराच्या टोकाने कुमुदचं तोंड पुसत म्हणाल्या, "रडू नको. तू येशील तेव्हा मी इथं राहीन. शिवेवर आपलं माणूस असावं लागते, बाई."

मला मास्तरांची ओसरी आठवली आणि गढी सांभाळणारी ती बाई आठवली. मी मोटारीचं दार उघडून धरलं आणि म्हणालो, "या मार्शनेस, आधी तुम्ही बसा." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मले काही म्हणू नका, असं त्या म्हणतील, याची मी वाट पाहत होतो. पण त्या तांब्या उचलून शांतपणे आत जाऊन बसल्या.